बाबांच्या छातीत यंत्र बसवण्याआधी आणि नंतर : इंदूरच्या घरांसाठी

रामबागेतल्या आमच्या घराला चोवीस पायऱ्या आहेत. बाबा त्या पंचेचाळीस वर्षं चढत आले आणि एका उन्हाळ्यात बाराव्या पायरीवर बसायला लागले. आधी वाटलं, वय झालं. मग पाय सुजले, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाची पंप करण्याची ताकद, म्हणजे ईएफ, २५ टक्के निघाली. निरोगी माणसाची साधारण ५५ ते ७० असते. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. स्नायूच थकला होता. बाबा तेव्हा ७७ वर्षांचे होते.

पुढच्या सहा महिन्यांत 'यंत्र बसवा' हे वाक्य आम्ही तीन ठिकाणी ऐकलं आणि तिन्ही ठिकाणी यंत्र वेगळं होतं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण त्या सहा महिन्यांत जे विचारत, चुकत, धावपळ करत कळलं, ते तुम्हाला एका बैठकीत मिळावं म्हणून हे लिहिते आहे. औषध आणि यंत्र ठरवतील तुमचे डॉक्टरच. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, तेवढं यातून घ्या.

१. आधी यंत्रांची नावं वेगळी करा

लोक सगळ्यालाच पेसमेकर म्हणतात. तिथूनच घोटाळा सुरू होतो.

साधा पेसमेकर हृदयाचे ठोके फार मंद झाले तर ठोका देतो. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा शरीराच्या आत पेसमेकर बसवला, तो याच कामासाठी. आयसीडी ठोक्यांवर नजर ठेवतो आणि हृदय अचानक जीवघेण्या वेगाने फडफडायला लागलं तर आतून विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणतो. आणि सीआरटी म्हणजे तीन तारांचं यंत्र. हृदयाचा डावा आणि उजवा कप्पा मागेपुढे आकुंचन पावत असतील तर ते त्यांना एका तालात आणतं. सीआरटीचे दोन प्रकार आहेत : नुसता ताल जुळवणारं सीआरटी-पी, आणि ताल जुळवून वर झटकाही देऊ शकणारं सीआरटी-डी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयसीडीने दम कमी होत नाही. पायांची सूज उतरत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत. अचानक येणाऱ्या मृत्यूपासून ते राखण करतं, एवढंच त्याचं काम, आणि ते काम मोठं आहे. दम कमी व्हावा, चालणं वाढावं ही आशा ठेवायची तर सीआरटीकडून, आणि तिथेही साधारण तीनातल्या एका माणसाला म्हणावा तसा फरक पडत नाही. 'हे बसवल्यावर बाबांना बरं वाटेल का, की फक्त धोका टळेल?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. आम्ही तो तिसऱ्या भेटीत विचारला.

२. औषधांचे तीन महिने मोजा

ईएफ ३५ किंवा त्याहून कमी आहे एवढ्यावर लगेच यंत्र बसवायचं नसतं. आधी हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडण्यावरची औषधं पुऱ्या ताकदीने किमान तीन महिने चालवायची आणि मग इको पुन्हा करायचा, ही सर्वमान्य पद्धत आहे. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर आयसीडीसाठी किमान ४० दिवस थांबतात. (ठोके फारच मंद झाले असतील किंवा जीवघेणी फडफड आधीच होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाट बघत नाहीत.)

औषधांचे चार गट असतात. तुमच्या चिठ्ठीवर ते आहेत का, हे नावानिशी बघा : सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनसारखं औषध, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एक बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची दोन मूळची मधुमेहाची औषधं आहेत. मधुमेह नसताना ती का दिली, म्हणून घाबरून आमच्या शेजारच्या काकूंनी काकांची गोळी परस्पर बंद केली होती. तसं करू नका. एखादं औषध नसेल तर 'का नाही?' एवढं विचारा. किडनी, पोटॅशियम किंवा कमी बीपी असं काही कारण असू शकतं.

बाबांचा ईएफ औषधांनी २५ वरून ३० वर आला. काहींचा ३५ च्या वर जातो आणि यंत्राचा विषयच संपतो. एक सांभाळा : दोन्ही इको शक्यतो एकाच ठिकाणी करा. माणूस आणि मशीन बदललं की आकडा चार-पाचने इकडेतिकडे होतो, आणि तेवढ्या फरकावर निर्णय फिरू शकतो.

३. ईसीजीची पट्टी समजून घ्या

सीआरटीचा फायदा होणार की नाही हे ईएफपेक्षा ईसीजी जास्त सांगतो. त्यात क्यूआरएस नावाची, ठोक्याच्या उंच रेघेची एक रुंदी मोजतात. ती १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल आणि सोबत 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' (एलबीबीबी), म्हणजे डाव्या कप्प्याला वीज उशिरा पोहोचते असं, लिहिलेलं असेल तर फायद्याची शक्यता सगळ्यात चांगली. १३० च्या खाली सीआरटी सहसा बसवत नाहीत. मधल्या आकड्यांत डॉक्टरांचा विचार लागतो. बाबांचा आकडा १६२ होता आणि एलबीबीबीही होता.

ईसीजीचा तो गुळगुळीत कागद काही महिन्यांत पुसट होतो. घरी आल्याबरोबर झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटोही घ्या. आमचा सगळ्यात जुना ईसीजी, ज्यात ब्लॉक कधी सुरू झाला ते दिसलं असतं, कोरा पांढरा होऊन बसला होता.

४. निर्णयासाठी घरात एक संध्याकाळ काढा

एका रुग्णालयात रात्री नऊ वाजता आमच्यासमोर सीआरटी-डीचा संमतीचा कागद ठेवला आणि सकाळी सातला केस लावतो म्हणून सांगितलं. बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. ते पलंगावर बसून आमच्या तोंडाकडे बघत होते. बोलणं सगळं हिंदीत आणि कागद इंग्रजीत. बाबांना हिंदी उत्तम येतं, अख्खी नोकरी त्यांनी त्या भाषेत केली. पण आपल्या मरणाबद्दल माणूस घरच्या भाषेत विचार करतो. मी सही केली नाही. 'दोन दिवस द्या' म्हटलं. ठोके बंद पडायला आलेत अशी वेळ नसेल तर दोन दिवस मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही.

घरी आल्यावर मी बाबांना मराठीत सगळं सांगितलं. झटका म्हणजे काय तेही. आमच्या मावशीला हार्ट अटॅकनंतर आयसीडी बसवला होता. ती सांगते, छातीवर आतून घोड्याने लाथ मारावी तसं वाटलं, पण त्या झटक्यानेच ती आज नातवाला खेळवते आहे. मावशी तेव्हा ६४ ची होती, तिची बाकी तब्येत ठणठणीत होती. तिच्यासाठी तोच निर्णय योग्य होता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला चोवीस पायऱ्या चढायच्यात. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या रस्त्यावर उभं राहून बघायच्यात. झोपेत गेलो तर जाऊ दे. पण ते झटके नकोत मला."

हे वाक्य घेऊन आम्ही दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि समजावलं : ज्यांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत पण स्नायू कमकुवत आहे, अशा १,११६ रुग्णांचा डेन्मार्कमधला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयसीडीने अचानक मृत्यू कमी झाले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. जो फायदा दिसला तो सत्तरीच्या आतल्यांना जास्त होता. उलट झटक्याशिवायच्या सीआरटी-पीने आयुष्य आणि तब्येत दोन्ही सुधारतात, हे २००५ मधल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसलेलं आहे. बाबांसाठी सीआरटी-पी ठरलं.

तुमच्याकडे उत्तर वेगळं निघू शकतं. हार्ट अटॅक होऊन गेला असेल, चक्कर येऊन पडले असतील, होल्टरमध्ये (दिवसभर ठोके टिपणारी तपासणी) वेगवान ठोक्यांच्या लडी दिसल्या असतील, तर झटक्याचं यंत्र हवंच असं डॉक्टर सांगतील आणि ते बरोबर असेल. कॅन्सर, डायलिसिस, फार अशक्तपणा, विसराळूपणा असेल तर आयसीडीचा विचार आणखी जपून करावा लागतो, कारण एक वर्षाहून जास्त बऱ्या आयुष्याची अपेक्षा असेल तरच ते बसवायचं असतं. पण आधी आई-बाबांना विचारा. एकट्याने, शांतपणे, टीव्ही बंद करून.

५. फाइल

प्लॅस्टिकच्या खिशांची एक फाइल करा, तारखेच्या क्रमाने. त्यात हवं ते असं :

- सगळे इको आणि सगळे ईसीजी (झेरॉक्ससह), होल्टर, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी
- आधीच्या प्रत्येक भरतीचा डिस्चार्ज कागद
- चालू गोळ्यांची यादी, डोस आणि वेळेसह, एका पानावर
- रक्ताच्या तपासण्या : सीबीसी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), एचआयव्ही आणि कावीळ बी-सी
- आधार कार्ड, आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड, पॉलिसीची पूर्ण प्रत

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती यादीत लाल पेनाने लिहा. ती कधी थांबवायची किंवा थांबवायचीच नाही, हे डॉक्टर सांगतील. स्वतःहून बंद केली तर लकव्याचा धोका असतो.

६. पैसे

७० किंवा त्याहून जास्त वय असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात येतात. आधारवर ई-केवायसी होतं. आधारवरची जन्मतारीख चुकली असेल तर तिथेच अडतं, म्हणून ती आज बघून ठेवा. खाजगी विमा असलेल्यांनाही हे कार्ड काढता येतं. मात्र कार्ड असलं की प्रत्येक यंत्र प्रत्येक रुग्णालयात मिळेल असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला (या योजनेचा मदतनीस) यंत्राचं नेमकं नाव सांगून विचारा : या यंत्राचं पॅकेज तुमच्याकडे आहे का, आधी मंजुरी लागेल का? १४५५५ या क्रमांकावरही विचारता येतं.

खाजगी विम्यात दोन सापळे. एक, आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ. दुसरा, खोलीभाड्याची मर्यादा : मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर काही पॉलिसींमध्ये फक्त खोलीचं नव्हे, बाकी बिलही त्याच प्रमाणात कापतात. अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात यंत्राची कंपनी आणि मॉडेल, तारा, कॅथलॅब (यंत्र बसवायची खोली), मुक्काम वेगवेगळं लिहिलेलं हवं. 'पेसमेकर पॅकेज' एवढाच शब्द पुरेसा नाही.

७. भरती आणि तो दिवस

हृदय उघडत नाहीत. डाव्या कॉलरबोनखाली भूल देऊन छोटा छेद घेतात, शिरेतून तारा आत सरकवतात आणि कातडीखाली खिसा करून यंत्र ठेवतात. पेशंट बहुधा गुंगीत पण जागा असतो. साध्या पेसमेकरला तासाभराचं काम. सीआरटीला दोन ते चार तास लागू शकतात, कारण तिसरी तार हृदयाच्या मागच्या शिरेत नेऊन बसवायची असते आणि ती शीर प्रत्येकाची वेगळी. बाहेर बसलेल्यांनी उशीर झाला म्हणून घाबरू नये. क्वचित ती तार बसतच नाही. 'नाही बसली तर पुढे काय?' हे आधीच विचारून ठेवा.

घरी येताना दोन वस्तू हातात पडल्याशिवाय निघू नका : यंत्राचं ओळखपत्र, आणि यंत्र व तारांच्या मॉडेलचे स्टिकर लावलेला कागद. आम्हाला 'कार्ड नंतर येईल' म्हणाले आणि त्यासाठी मी तीन आठवडे फेऱ्या घातल्या.

८. पहिले सहा आठवडे

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्याने जड उचलायचं नाही, त्याच्यावर भार देऊन उठायचं नाही. नव्या तारा अजून रुजलेल्या नसतात, ओढ बसली तर सरकतात. बाबांना सवय देव्हाऱ्यातली घंटा डाव्या हाताने वाजवायची आणि देव्हारा उंचावर. आम्ही घंटा सहा आठवडे खाली चौरंगावर ठेवली. सदरे पुढून बटणांचे घ्या, बंडी डोक्यातून घालायची असते. पण हात झोळीत बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली हात हलवत राहायचा.

जखम कोरडी ठेवा. हळद, तूप, मलम काही नाही. लाली, फुगवटा, पाणी, ताप यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जिथे यंत्र बसवलं तिथेच जा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन तो फुगवटा सुईने कधीही उपसू देऊ नका. त्यानेच आत जंतू जातात, आणि जंतू शिरले तर तारांसकट सगळं काढावं लागतं.

तिसऱ्या दिवशी बाबा डाव्या कुशीवर झोपले की पोट उचकी लागल्यासारखं उडायला लागलं. आम्ही ॲसिडिटी समजून ओवा दिला, दोन रात्री जागलो. प्रत्यक्षात डावीकडची तार जवळच्या नसेला टोचणी देत होती आणि पोटाचा पडदा उडत होता. सीआरटीत हे होऊ शकतं. कंपनीच्या माणसाने प्रोग्रॅमर (बाहेरून यंत्र तपासायचं आणि सेटिंग बदलायचं उपकरण) लावून सेटिंग बदललं, दहा मिनिटांत थांबलं. कळवायला लाजू नका.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे; डॉक्टरांना फोन करा. आणि मीठ. यंत्र बसलं म्हणजे पथ्य सुटलं असं बाबांना वाटत होतं. इंदुरात पोह्यांवर शेव आणि जिरावण पडलं नाही तर पोहे झाले असं कोणी मानत नाही, पण त्या दोन्हींत मीठ भरपूर. आम्ही आता पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू घालतो. शेव फक्त रविवारी, चिमूटभर.

९. वीज आणि चुंबक

मोबाईल उजव्या कानाला, छातीच्या खिशात कधी नाही, यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, फ्रिज चालतात. वेल्डिंगच्या दुकानासमोर थांबू नका. गणपतीच्या मिरवणुकीत मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नका, त्यात मोठी चुंबकं असतात. गीझर आणि कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

चुंबकीय गाद्या, पट्टे, ब्रेसलेट विकणारे नेमके वयस्कर माणसांकडेच येतात. दारातूनच नाही म्हणा.

विमानतळावर ओळखपत्र दाखवा. दारासारख्या मेटल डिटेक्टरमधून न थांबता चालत गेलं तर धोका नाही. एमआरआय सांगितला तर आधी कार्ड दाखवा : यंत्र आणि सगळ्या तारा, दोन्ही एमआरआयला चालणारे असावे लागतात. दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनआधीही सांगायचं, अगदी दाताच्या डॉक्टरांनासुद्धा.

१०. तपासण्या, बॅटरी, झटका

पहिली तपासणी जखमेची, दहा-पंधरा दिवसांत. मग दोन-तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी किंवा सांगतील तशी. दर वेळी विचारा : बॅटरी किती उरली, आणि सीआरटी असेल तर दोन्ही कप्प्यांना मिळून किती टक्के ठोके दिले गेले? हा दुसरा आकडा जितका शंभराच्या जवळ तितकं बरं. बाबांचा एकदा ८६ वर आला होता. मधले अवांतर ठोके कारण होते, गोळी बदलल्यावर ९७ झाला.

प्रत्येक कंपनीचं यंत्र तिच्याच प्रोग्रॅमरने तपासता येतं. बाबा तीन महिने पुण्याला भावाकडे जाणार होते, तेव्हा तिथे त्या कंपनीची तपासणी कुठे होते ते आधी शोधून ठेवलं.

बॅटरी अचानक संपत नाही. काही महिने आधी इशारा मिळतो. साधा पेसमेकर बहुधा आठ-दहा वर्षं किंवा जास्त, सीआरटी थोडा कमी. बदलताना तारा चांगल्या असतील तर फक्त डबी बदलतात.

आयसीडी असेल तर हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा : एक झटका बसला आणि माणूस नंतर ठीक आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दोन किंवा जास्त झटके, अथवा एका झटक्यानंतरही घाम, चक्कर, छातीत दुखणं असेल, तर लगेच १०८. झटका बसताना तुम्ही हात धरलेला असेल तरी तुम्हाला इजा होत नाही. हात सोडू नका.

११. जे कोणी सांगत नाही

'पेसमेकर असला की जीव जात नाही, माणूस अडकून पडतो,' असं मला चार जणांनी सांगितलं. खरं नाही. शेवट आला की स्नायू यंत्राचं ऐकत नाही. आयसीडीचं मात्र वेगळं आहे. माणूस दुसऱ्या आजाराने जात असताना ते झटके देत राहू शकतं आणि तो त्रास भयंकर असतो. झटक्याचा भाग प्रोग्रॅमरने, न कापता, बंद करता येतो. हे डॉक्टरांशी वेळेवर बोला, पेशंटला बोलता येतंय तेव्हाच.

आणि दहनाआधी यंत्र काढावंच लागतं. उष्णतेने बॅटरी फुटते, लाकडाच्या चितेवर असो की विद्युतदाहिनीत, जवळ उभ्या माणसांना इजा होऊ शकते. रुग्णालयात मृत्यू झाला तर पार्थिव घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगा. घरी झाला तर डॉक्टरांना बोलवा. छोट्या छेदातून यंत्र निघतं. आयसीडी असेल तर आधी ते बंद करायचं, मगच तारा कापायच्या. म्हणून घरच्यांनी किंवा घाटावरच्या कोणी हात घालू नये.

हे मी बाबांना कसं सांगू म्हणून चार दिवस घालवले. सांगितलं तेव्हा त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : यंत्राचं नाव, डॉक्टरांचा फोन, आणि खाली 'अग्नी देण्याआधी काढणे'. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. तुमच्या घरच्या कागदावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि बसवल्याची तारीखही लिहा.